कॅपला तडा कुठून जातो? कृत्रिम दातांच्या मजबुतीचा अडीचशे वर्षांचा इतिहास

#थ्रेड #इतिहास #विज्ञानाचा_इतिहास

१/
दाताचे इनॅमल, म्हणजेच दंतवल्क, हा मानवी शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ. वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज. इतके खनिज असलेली वस्तू खरे तर काचेसारखी ठिसूळ असायला हवी. तरीही रोजचे चावणे आणि चहा-पाण्याचा उष्ण-थंड मारा सोसून ती साठ-सत्तर वर्षे टिकू शकते. याउलट, कागदोपत्री तिच्याहून कितीतरी बळकट ठरणाऱ्या द्रव्यांच्या कॅप काही वर्षांतच तडकल्याची उदाहरणे दंतवैद्यकाच्या इतिहासात भरपूर आहेत. असे का व्हावे, याचे उत्तर हाती यायला सुमारे अडीचशे वर्षे लागली. त्या शोधाची ही हकीकत.

२/
आधी यात पणाला काय लागले आहे ते पाहू. कॅप बसवायची म्हणजे किडलेला भाग काढून उरलेला दात चहूबाजूंनी घासायचा आणि त्या खुंटावर टोपीसारखे आवरण चिकटवायचे. आवरणाला जितकी जाडी हवी, तितका दात घासावा लागतो, मग तो भाग निरोगी असला तरी. पुढच्या दातांवर पूर्ण कॅप बसवताना हिरडीवर दिसणाऱ्या दाताचा ६३ ते ७२ टक्के भाग काढला जातो, असे २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीत आढळले. इनॅमल घडवणाऱ्या पेशी दात उगवतानाच नाहीशा होतात, त्यामुळे गेलेले इनॅमल परत येत नाही. कॅप पातळ असूनही मजबूत असणे म्हणजे माणसाचा स्वतःचा दात वाचणे.

३/
गेलेल्या दाताची जागा भरण्याची हौस आणि गरज दोन्ही जुन्या. इटलीतील इट्रस्कन लोकांच्या थडग्यांत सोन्याच्या पट्ट्यांत गुंफलेले दात सापडतात, तेही इसवी सनापूर्वीचे. पुढे युरोपात हस्तिदंत, पाणघोड्याचा सुळा, बैलाचे हाड अशा वस्तूंतून दात कोरले जात. श्रीमंतांच्या कवळीत खरे मानवी दातही बसवले जात. १८१५ च्या वॉटर्लूच्या लढाईनंतर रणांगणावरील मृत सैनिकांचे दात बाजारात आले आणि अशा दातांना इंग्रजीत ‘वॉटर्लूचे दात’ हेच नाव पडले. हाड आणि हस्तिदंत तोंडात कुजत, पिवळे पडत, दुर्गंधी सुटे. मेलेल्याचा दात त्यापेक्षा बरा, असा हिशेब होता.

४/
काहींना जिवंत माणसाचाच दात हवा होता. अठराव्या शतकातील प्रख्यात शल्यविशारद जॉन हंटर यांनी १७७१ मध्ये मानवी दातांच्या निसर्गेतिहासावर ग्रंथ लिहिला. त्यांनी मानवी दात कोंबड्याच्या तुऱ्यात रोवून तो तिथे रुजतो का, हे पाहिले. तो नमुना लंडनच्या हंटेरियन संग्रहालयात आजही आहे. या प्रयोगांच्या बळावर एकाचा दात उपटून लगेच दुसऱ्याच्या जबड्यात बसवण्याच्या पद्धतीला लंडनमध्ये प्रतिष्ठा मिळाली. दात देणारे अर्थातच गरीब असत आणि घेणारे सधन.

५/
१७८७ मध्ये व्यंगचित्रकार टॉमस रोलंडसन याने या व्यवहारावर एक बोचरे चित्र काढले: धुराडी साफ करणाऱ्या पोराचा दात उपटला जातो आहे आणि शेजारी एक उमराव घराण्यातली बाई त्याची वाट पाहत बसली आहे. असे दात फार काळ टिकत नसत, शिवाय त्यांच्यासोबत उपदंशासारखे रोगही येत. पद्धत हळूहळू मागे पडली. हंटर यांचे नाव मात्र दंतशास्त्रात दुसऱ्याच कारणाने उरले. इनॅमलच्या आतील प्रकाश-छायेच्या पट्ट्यांना आज ‘हंटर-श्रेगर पट्टे’ म्हणतात. दात न तुटण्याचे एक रहस्य याच पट्ट्यांत होते. ते उलगडायला पुढे दोन शतके जावी लागली.

६/
चिनीमातीचा दात प्रथम सुचला तो एका औषधविक्रेत्याला. पॅरिसजवळच्या सेंट-जर्मेन-आं-ले गावचा अलेक्सी ड्यूशातो पाणघोड्याच्या सुळ्याची कवळी वापरी. दिवसभर औषधे कुटताना-चाखताना त्या कवळीत वास मुरत. दुकानातल्या चिनीमातीच्या बरण्यांना मात्र कसलाच वास लागत नसे. मग कवळीच चिनीमातीची का नसावी? १७७४ च्या सुमारास त्याने प्रयत्न सुरू केले. पण भट्टीतून निघालेली वस्तू आकसलेली असे. चिनीमाती भाजताना आकसते आणि कवळीला केसभर फरकही चालत नाही. ही आकसण्याची अडचण ध्यानात ठेवावी. ती या कथेत पुन्हा भेटणार आहे.

७/
ड्यूशातोला मदत करणारा दंतवैद्य होता निकोला द्युबुआ द शेमां. त्याने मिश्रण सुधारले, आकसण्याचा अंदाज बांधला आणि १७८९ मध्ये सोळाव्या लुईकडून स्वतःच्या नावाने एकाधिकारपत्र मिळवले. मूळ कल्पना ज्याची, त्याचे नाव मागे राहिले. फ्रान्समधील क्रांतीच्या धामधुमीत द्युबुआने लंडन गाठले, तिथेही पेटंट घेतले आणि वेजवुडच्या प्रसिद्ध कारखान्यातली माती वापरून कवळ्या बनवल्या. १८११ मध्ये रोलंडसनने त्याचीही टवाळी करणारे चित्र काढले. सबंध कवळी एकाच तुकड्यात भाजलेली असल्याने एक कोपरा तुटला की सगळीच वाया जाई. १८०८ मध्ये पॅरिसमध्ये जुसेप्पांजेलो फोन्झी या इटालियन दंतवैद्याने प्लॅटिनमची खुंटी असलेले सुटे दात आणले आणि कृत्रिम दातांचे कारखाने निघण्याची वाट मोकळी झाली.

८/
आजच्या सिरॅमिक कॅपचा मूळपुरुष म्हणजे अमेरिकेतील डेट्रॉइटचे चार्ल्स हेन्री लँड. (१९२७ मध्ये एकट्याने अटलांटिक ओलांडणारा वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग हा त्यांच्या मुलीचा मुलगा.) घासलेल्या दाताच्या आकारावर प्लॅटिनमचा वर्ख दाबून बसवायचा, त्या वर्खावर पोर्सेलीनचे थर भाजायचे आणि शेवटी वर्ख काढून घ्यायचा, ही लँड यांची युक्ती. १८८९ मध्ये त्यांनी तिचे पेटंट घेतले. दाताला अंगरख्यासारखी बसणारी म्हणून ती ‘जॅकेट क्राउन’. दिसायला ती इतकी खरी की सोन्याचे दात मिरवण्याच्या त्या काळात लोक चकित झाले. पण जोराने चावले की ती तुटे. पुढच्या दातांवर ती कशीबशी टिके. दाढांवर तिचा निभाव लागत नसे.

९/
पोर्सेलीन का तुटते, याचे उत्तर दंतवैद्यकाबाहेर मिळाले. इंग्लंडमध्ये फार्नबरो येथे विमानांच्या संशोधनसंस्थेत काम करणाऱ्या ए. ए. ग्रिफिथ यांनी काचेच्या तंतूंवर प्रयोग केले. काचेतील अणुबंध पाहता ती फार मजबूत असायला हवी. प्रत्यक्षात ती त्याच्या कितीतरी कमी ताणाला फुटते. १९२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी कारण मांडले: काचेत डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा आधीच असतात, ताण त्या भेगेच्या टोकाशी एकवटतो, आणि एका मर्यादेपलीकडे भेग आपोआप धावत सुटते. म्हणजे ठिसूळ वस्तूची ताकद तिच्या द्रव्याइतकीच तिच्यातील सर्वांत मोठ्या भेगेवर ठरते. आधुनिक भंगशास्त्राचा पाया हाच. दंतवैद्यकाने तो मनावर घ्यायला अर्धे शतक लावले.

१०/
मधल्या काळात धातूने बाजी मारली. १९०७ मध्ये विल्यम टॅगार्ट यांनी मेणाच्या साच्यातून सोन्याचे ओतकाम करण्याची पद्धत दंतवैद्यांसमोर मांडली: मेणाची प्रतिकृती, तिच्याभोवती साचा, उष्णतेने मेण वितळवून काढायचे आणि त्या पोकळीत सोने ओतायचे. मूर्तिकारांना ही युक्ती हजारो वर्षे ठाऊक होती. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात मूर्ती ओतण्याची हीच ‘मधूच्छिष्ट’ पद्धत, म्हणजे मेणाची पद्धत, वर्णन केलेली आहे. सोन्याची कॅप जवळजवळ अभंग, कारण सोने तडकत नाही, दबते. पण हसताना ती चमकते, आणि ते सर्वांना नको होते.

११/
मग दोन्ही एकत्र करण्याचा विचार आला: आत धातू, वर पोर्सेलीन. अडचण अशी की तापवल्यावर दोन्ही सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत. थंड होताना पोर्सेलीन तडकून सुटे. १९६२ मध्ये अमेरिकेत वाइनस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मिळालेल्या पेटंटांत यावर तोड होती. ल्युसाइट नावाच्या खनिजाचे प्रमाण साधून पोर्सेलीनचे प्रसरण धातूच्या जवळ आणायचे, पण किंचित कमी ठेवायचे. असे केले की थंड होताना धातू पोर्सेलीनला आवळून धरतो आणि आवळलेल्या वस्तूत भेग सहसा उघडत नाही. ही कॅप जगभर पसरली. भारतातील दवाखान्यांतही ‘मेटल-सिरॅमिक’ हे नाव आज सर्वपरिचित आहे.

१२/
त्या कॅपचे दोषही तितकेच परिचित. धातूचा गडद रंग झाकायला अपारदर्शक थर द्यावा लागतो, त्यामुळे दात निर्जीव दिसतो. हिरडी सरकली की कडेला करडी रेघ दिसू लागते. शिवाय धातू आणि पोर्सेलीन दोन्हींना जागा हवी, म्हणजे दात अधिक घासणे आले. म्हणून धातूविना मजबुतीचा शोध चालूच राहिला. १९६५ मध्ये ब्रिटनमधील जॉन मॅक्लीन आणि टी. एच. ह्यूज यांनी पोर्सेलीनमध्ये अ‍ॅल्युमिनाचे स्फटिक मिसळले. काचेतून धावणाऱ्या भेगेला वाटेत कठीण स्फटिक आडवे येतात आणि तिचा जोर मोडतो. मजबुती जवळपास दुप्पट झाली. ग्रिफिथचा धडा दंतवैद्यकात प्रथमच असा जाणीवपूर्वक गिरवला गेला.

१३/
पुढची उडी झिर्कोनियाची. १९७५ मध्ये ऑस्ट्रेलियातील रॉन गार्व्ही आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’ नियतकालिकात झिर्कोनियाला ‘सिरॅमिक पोलाद’ म्हणावे का, असा प्रश्न शीर्षकातच विचारला. या द्रव्यात भेगेच्या टोकाशी ताण वाढला की तिथले स्फटिक आपली रचना बदलतात आणि सुमारे चार टक्क्यांनी फुगतात. फुगल्यामुळे भेगेचे तोंड दाबले जाते. जणू भेग स्वतःच स्वतःची वाट बंद करते. साध्या पोर्सेलीनच्या दहापटीहून अधिक मजबुती हाती आली. पण इतके कठीण द्रव्य कोरायचे कसे?

१४/
ती सोय संगणकाने केली. झुरिक विद्यापीठात वेर्नर मॉर्मन आणि मार्को ब्रांडेस्टिनी यांनी दाताचे प्रकाशीय मोजमाप घेऊन यंत्राने सिरॅमिक कोरण्याची पद्धत उभी केली आणि १९८५ मध्ये पहिल्या रुग्णावर ती वापरली. पुढे झिर्कोनिया अर्धवट भाजलेल्या, खडूसारख्या मऊ अवस्थेत कोरला जाऊ लागला. पूर्ण भाजताना तो लांबी-रुंदीला सुमारे एक-पंचमांश आकसतो, म्हणून यंत्र कॅप तितकीच मोठी कोरते. ड्यूशातोला रडवणारी अडचण दोनशे वर्षांनी हिशेबात बसली. वाटले की लढाई संपली. पण झिर्कोनियाचा सांगाडा शाबूत आणि त्यावर चढवलेल्या पोर्सेलीनचे टवके उडालेले, अशा तक्रारी लवकरच येऊ लागल्या. द्रव्य बळकट झाले, तसा तडा शेजारच्या दुबळ्या थरात सरकला.

१५/
या वळणावर कोणी तुटलेल्या कॅपच गोळा केल्या नसत्या तर गाडे अडले असते. १९९० च्या सुमारास अमेरिकेत रॉबर्ट केली आणि सहकाऱ्यांनी रुग्णांच्या तोंडातून निघालेल्या तुटक्या सिरॅमिक कॅप सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या. भंगलेल्या पृष्ठभागावर भेगेच्या प्रवासाच्या खुणा असतात; त्या उलट्या दिशेने वाचत गेले की उगम सापडतो. अपेक्षा अशी की जिथे चावा बसतो तिथे, म्हणजे वरच्या बाजूने तडा सुरू झाला असेल. पुरावा वेगळे सांगत होता: बऱ्याच कॅप आतून, सिमेंटला चिकटलेल्या बाजूने फुटल्या होत्या.

१६/
याचे यांत्रिक स्पष्टीकरण ब्रायन लॉन आणि त्यांच्यासोबत काम करणाऱ्या संशोधकांनी पुढील दशकात तपशिलाने मांडले. मऊ गादीवर काचेची तावदानी ठेवून वरून दाबली तर काच खालून तडकते, कारण ती वाकते आणि तिची खालची बाजू ताणली जाते. कॅपच्या खाली सिमेंट आणि डेंटिन ही अशीच गादी. ताठरपणाचे आकडे पाहिले की फरक उघड होतो: झिर्कोनिया सुमारे २०० गिगापास्कल, डेंटिन १५ ते २०, आणि चिकटवणारे सिमेंट त्याहूनही कमी. इतक्या ताठर वस्तूचा इतक्या मऊ वस्तूशी एकाएकी सांधा झाला की ताण नेमका त्या सांध्याशी साचतो. कॅप आणखी कठीण करत नेण्याने हा प्रश्न सुटणारच नव्हता.

१७/
मग खरा दात हाच प्रश्न कसा सोडवतो? त्याचेही वरचे इनॅमल ताठर (सुमारे ८० गिगापास्कल) आणि आतील डेंटिन मऊ. म्हणजे विसंगती तिथेही आहेच. २००५ मध्ये रॉबर्ट रिची यांच्या कॅलिफोर्नियातील गटाने ‘नेचर मटेरिअल्स’मध्ये दाखवले की इनॅमलमधून आत येणारी भेग सांध्यापाशी दात सोलून काढत नाही, ती सांधा ओलांडते आणि लगतच्या डेंटिनच्या पातळ पट्ट्यात थांबते, कारण तिथे न तुटलेले धागे तिच्या दोन्ही काठांना धरून ठेवतात. इनॅमल आणि डेंटिन यांच्या सीमेवर गुणधर्म एका रेषेवर उडी मारून बदलत नाहीत. ते थोड्या अंतरात टप्प्याटप्प्याने बदलत जातात.

१८/
इनॅमलची अंतर्रचनाही तशीच. काही मायक्रोमीटर जाडीचे लाखो दांडे, प्रत्येक दांड्यात असंख्य अतिसूक्ष्म स्फटिक, आणि आतल्या भागात हे दांडे टोपलीच्या विणीसारखे एकमेकांना छेद देत गेलेले. हंटर यांना दिसलेले पट्टे म्हणजे याच विणीची सावली. सरळ जाऊ पाहणाऱ्या भेगेला वळणे घ्यावी लागतात आणि तिची शक्ती खर्ची पडते. २००९ मध्ये हर्झल खाय, जेम्स ली, पॉल कॉन्स्टँटिनो, पीटर ल्युकास आणि लॉन यांनी माणसाच्या आणि समुद्री ऊदमांजराच्या दाढा दाबून पाहिल्या. (हा प्राणी कठीण कवचाचे शिंपले दाढांनी फोडून खातो.) तडे बहुधा सांध्याजवळच्या जन्मजात, प्रथिनयुक्त चिरांपासून निघतात, पण त्या चिरा एकमेकींवरचा ताण हलका करतात, आणि फटींत सेंद्रिय द्रव्य भरून त्या काही अंशी सांधल्याही जातात.

१९/
हा शोध विचार करायला लावणारा आहे. ग्रिफिथपासूनची सारी खटपट भेगा टाळण्याची होती. दाताचा मार्ग वेगळा: भेगा पडणारच असे धरून त्यांचा प्रवास आवरायचा. म्हाताऱ्या माणसाच्या दातांवर उभ्या बारीक रेषा दिसतात. त्या तड्यांसह दात वर्षानुवर्षे काम करत राहतो. दाताच्या टिकाऊपणाचे मर्म भेगांसह जगण्याच्या या रचनेत आहे. कॅप करणाऱ्यांपुढे आता प्रश्न उभा राहिला तो ही रचना भट्टीतल्या द्रव्यात उतरवण्याचा.

२०/
उत्तराचा एक धागा पुन्हा दंतवैद्यकाबाहेरून आला. १९८४ च्या सुमारास जपानमध्ये सेंदाई येथील संशोधक अवकाशविमानासाठी द्रव्य शोधत होते: एका बाजूला प्रचंड उष्णता, दुसऱ्या बाजूला थंडावा. सिरॅमिक आणि धातू सरळ जोडले तर सांधा फाटणार. त्यांनी सांधाच पुसून टाकला. एका टोकाला शुद्ध सिरॅमिक, दुसऱ्या टोकाला शुद्ध धातू, आणि मध्ये प्रमाण हळूहळू बदलत जाणारे मिश्रण. २००१ मध्ये मद्रास आयआयटीचे माजी विद्यार्थी, एमआयटीतील प्राध्यापक सुब्रा सुरेश यांनी ‘सायन्स’मध्ये अशा क्रमशः बदलणाऱ्या द्रव्यांचा आढावा घेतला. पृष्ठभागापासून आत जाताना ताठरपणा योग्य रीतीने बदलत नेला, तर दाबाखाली पडणारे तडे रोखता येतात, हा त्याचा गाभा.

२१/
२००७ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातील वोले सोबोयेजो यांच्या गटाने डायॅन रेको यांच्यासह दाताच्या सीमेवरून उघड प्रेरणा घेऊन हिशेब मांडला: कॅप आणि सिमेंट यांच्यामध्ये ताठरपणा पायरीपायरीने उतरत जाणारा पातळ थर दिला, तर कॅपच्या आतल्या बाजूचा ताण घटतो आणि तीत अधिक मोठी भेगही निभावते. २००९ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठात यू झांग आणि जे-वॉन किम यांनी हे प्रत्यक्ष द्रव्यात आणले. त्यांनी झिर्कोनियाच्या पृष्ठभागात उष्णतेने काच मुरवली. साधारण एकदशांश मिलिमीटर खोलीपर्यंत काचेचे प्रमाण कमी होत जाते आणि गाभ्यात शुद्ध झिर्कोनिया उरतो. थर वेगळा चढवलेलाच नाही, म्हणून सुटण्याचा प्रश्न नाही. असे नमुने साध्या झिर्कोनियापेक्षा अधिक भार सोसून गेले.

२२/
इथे इतिहासाच्या अभ्यासकाने क्षणभर थांबावे. दातात बाहेर ताठर, आत मऊ. झांग यांच्या कॅपमध्ये बाहेर तुलनेने मऊ, आत ताठर. म्हणजे दाताची नक्कल झालेलीच नाही. दिशा तर उलटी आहे. दाताकडून घेतले ते एकच तत्त्व: बदल एकदम करू नये. आणि हे तत्त्व अमलात आणण्याची गणिते आली अवकाशविमानाच्या कवचातून. ‘निसर्गाची प्रेरणा’ हे शब्द वाचताना असे वाटते की कोणी दाताकडे पाहिले आणि सुचले. प्रत्यक्षात दात सदैव तोंडातच होता. तो वाचण्याची भाषा आधी काच, विमान आणि भट्टी यांच्याकडून शिकावी लागली.

२३/
त्यानंतर वेग वाढला. २०१३ च्या सुमारास सच्छिद्र सिरॅमिकच्या जाळ्यात पॉलिमर भरलेले द्रव्य बाजारात आले. त्याचा ताठरपणा सुमारे ३० गिगापास्कल, म्हणजे डेंटिनच्या बराच जवळ. २०१५ मध्ये झुरिकच्या ईटीएचमध्ये आंद्रे स्टुडार्ट यांच्या गटाने कुंभाराच्या जुन्या युक्तीला चुंबकाची जोड दिली. प्लास्टरच्या साच्यात अ‍ॅल्युमिनाच्या चकत्यांचा पातळ राडा ओतायचा. चकत्यांना लोहकण चिकटवलेले असल्याने बाहेरचे चुंबकक्षेत्र फिरवून त्यांची दिशा थराथराला बदलता येते. या रीतीने त्यांनी इनॅमल आणि डेंटिनसारखे दोन वेगळे थर असलेला कृत्रिम दात घडवला.

२४/
२०१७ मध्ये मिशिगनच्या निकोलस कोटोव्ह यांच्या गटाने झिंक ऑक्साइडचे सूक्ष्म स्तंभ आणि पॉलिमर थरावर थर रचून इनॅमलसारखी उभी रचना साधली. २०२२ मध्ये बीजिंगच्या लिन ग्वो यांच्या नेतृत्वाखाली, कोटोव्ह यांच्या सहभागाने, दाताचेच खनिज असलेल्या हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइटच्या तंतूंवर झिर्कोनियाचा स्फटिकहीन मुलामा देऊन ‘कृत्रिम इनॅमल’ तयार झाले. आणि खऱ्या इनॅमलचे धडेही अजून संपलेले नाहीत: २०१९ मध्ये प्यूपा गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी दाखवले की एकाच दांड्यातील शेजारचे स्फटिकसुद्धा पूर्ण समांतर नसतात; त्यांच्या दिशांत १ ते ३० अंशांचा फरक असतो, आणि हा किंचित वाकडेपणाच भेगेला वळवतो.

२५/
यशाची ही यादी वाचताना एक गोष्ट विसरू नये. प्रयोगशाळेतील छोटा नमुना आणि दवाखान्यातील कॅप यांच्यात मोठे अंतर असते. कॅपला लाळेत बुडून, लाखो वेळा दाबले जाऊन, समोरच्या दाताला न झिजवता टिकावे लागते. रंग जुळावा लागतो, आणि किंमत रुग्णाला झेपावी लागते. झिर्कोनियाच्याच बाबतीत २००१ मध्ये खुब्याच्या कृत्रिम सांध्यांचे शेकडो गोळे एकाएकी फुटले होते. भाजण्याच्या पद्धतीतील बदल आणि शरीरातील ओलाव्याने होणारा ऱ्हास ही त्याची कारणे होती. बळकट म्हणून गाजलेले द्रव्यही काळाच्या परीक्षेतून सुटत नाही.

२६/
एक शेवटचा विचार. ड्यूशातोचे श्रेय द्युबुआने घेतले. टॅगार्टच्या पद्धतीचे मूळ मूर्तिशाळेत. लँडची कॅप तुटण्याचे कारण विमानाच्या कारखान्यात सापडले. आणि आतून पडणारा तडा दिसला तो नवी कॅप करणाऱ्याला नव्हे, तुटलेली कॅप नीट पाहणाऱ्याला. यशस्वी वस्तू संग्रहालयात जातात; तुटलेल्या केराच्या टोपलीत. या इतिहासाला वळण मिळाले ते त्या टोपलीतून वेचलेल्या तुकड्यांमुळे.

२७/
१७८७ च्या चित्रात एका पोराचा धड दात उपटला जात होता, दुसऱ्याचे हसू सजवण्यासाठी. आज असा व्यवहार कोणी करत नाही. पण कॅपसाठी निरोगी दात घासला जातोच. फक्त देणारा आणि घेणारा एकच माणूस असतो. मजबूत, पातळ, तडे पचवणारी कॅप जसजशी स्वस्त आणि सर्वदूर होईल, तसतशी ही किंमत कमी होईल. तोवर सर्वांत उत्तम रचना ज्याच्या त्याच्या तोंडात आहेच, आणि ती घडवणाऱ्या पेशी परत येणार नाहीत. रात्री झोपण्यापूर्वी ब्रश करण्यामागे एवढा इतिहास आहे.

धागा समाप्त. 🦷